चव उत्तम

माझ्या मोठ्या जाऊबाई दोन वर्षं शाळेच्या समितीवर होत्या, हे त्यांना मी सांगितलं. त्यांचा विश्वास बसेना. "अगं, मी शाळेत जाते कधी? पंधरा ऑगस्टला झेंड्याला तेवढी," म्हणाल्या, आणि परत भाकरी थापायला लागल्या.

मलाही ते अपघातानंच कळलं होतं. २०२३ चा फेब्रुवारी. पोरीला अंगात कणकण होती म्हणून मधल्या सुट्टीत तिला घरी न्यायला गेले. गुरुजी मोबाइलवर कसली तरी ऑनलाइन माहिती भरत होते, नेट चालत नव्हतं, ते खिडकीशी हात उंच धरून उभे होते. टेबलावर एक वही उघडी पडलेली. पोषण आहाराची चव नोंदवही. मुलांना वाढायच्या आधी एका पालकानं जेवण चाखायचं आणि तिथं शेरा लिहून सही करायची, असा नियम आहे. सोमवार, मूगडाळ खिचडी, चव उत्तम. मंगळवार, मटकीची उसळ आणि भात, चव उत्तम. खाली ओळीनं जाऊबाईंच्या नावाची सही, वळणदार, एका शाईत. जाऊबाई सही करताना एकेक अक्षर मांडतात, मिनिटभर लागतं, आणि आडनावातला 'ळ' दर वेळी उलटा पडतो. वहीतला प्रत्येक 'ळ' सरळ होता. मी तारखा बघितल्या. पुढच्या शुक्रवारची खिचडीसुद्धा उत्तम झाली होती.

मी काही बोलले नाही. पोरीला कडेवर घेतलं आणि आले. गुरुजींचा राग आला म्हणावं, तर तेही खरं नाही. आमची शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी, जुन्नर तालुक्याच्या पूर्वेला, बागायती पट्ट्यात. मुलं ६३, शिक्षक ३. त्यातले एक कायम मतदार यादीच्या नाहीतर प्रशिक्षणाच्या कामाला. राहिलेले दोघं शिकवणार, फॉर्म भरणार, तांदूळ मोजणार आणि वर समितीच्या बायका बोलवायला मळ्यामळ्यांत हिंडणार? सोपं काय, तर स्वतःच सही ठोकायची. मला ते समजत होतं. तरी पुढच्या शुक्रवारची खिचडी काही डोक्यातून जाईना.

रात्री मोबाइलवर शोधून वाचलं. मी एस.वाय.बी.ए.ला असताना लग्न झालं, त्यामुळे वाचायची सवय अर्धवट आहे, पण आहे. शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्याचं कलम २१ शाळा व्यवस्थापन समितीचं. तीन चतुर्थांश सभासद पालक हवेत. निम्म्या बायका हव्यात. वंचित घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हव्यात. शाळेच्या कामावर लक्ष ठेवायचं, शाळा विकास आराखडा करायचा, अनुदान कुठं खर्च होतं ते बघायचं, ही समितीची कामं. आपल्या राज्यात १२ ते १६ जण असतात, मुदत दोन वर्षं, महिन्याला एक बैठक, मुख्याध्यापक सचिव, आणि अध्यक्ष पालकांमधूनच व्हायला हवा.

हे सगळं वाचताना मला आपल्या शाळेतला एक फळा आठवला. कपाटामागं उभा करून ठेवलेला, पिवळ्या रंगात नावं लिहिलेला. दुसऱ्या दिवशी मुद्दाम जाऊन वाकून बघितला. बारा नावं. तिसरं जाऊबाईंचं. पहिलं भाऊंचं. भाऊ म्हणजे आमच्याकडचे एक ठेकेदार, गावकीत वजन असलेले. त्यांची मुलगी आदल्या वर्षीच चौथी पास होऊन हायस्कूलला गेली होती. मूल शाळेत नाही तर पालक कसले? पण अध्यक्ष तेच. कुणी विचारलंच नव्हतं.

उभं राहायचं माझ्या मनात आलं ते मात्र खिचडीमुळं नाही. पटामुळं. पहिली ते पाचवीच्या वर्गांना कायद्यात हिशोब दिलाय. ६० पर्यंत मुलं असली तर २ शिक्षक, ६१ पासून ९० पर्यंत ३. तो पट ३० सप्टेंबरचा धरतात. आमचे ६३. म्हणजे तीन पोरं नारायणगावच्या शाळेच्या पिवळ्या बसमध्ये चढली की तिसरा शिक्षक गेला. तिसरा शिक्षक गेला की चार वर्ग दोघांत. चार वर्ग दोघांत म्हटल्यावर आणखी दहा पोरं बसमध्ये. माझी थोरली तेव्हा दुसरीत, धाकटा जूनमध्ये पहिलीला येणार. आम्हाला बसची फी जड नव्हती असं नाही, पण खरी गोष्ट अशी की मला ती शाळा आवडते. चिंचेखालची. मळ्यातून दिसते.

जूनमध्ये शाळा उघडली आणि समितीची मुदत संपत आल्याचं गुरुजींच्याच तोंडून कळलं. मी म्हटलं, "सर, मला समितीवर यायचंय. काय करावं लागतं?"

ते हसले. "काही नाही हो ताई. पालकसभा असते. नावं ठरतात."

हेच ते. अर्ज नाही, अनामत नाही, चिन्ह नाही, म्हणून कुणाला ही निवडणूक वाटतच नाही. ग्रामपंचायतीला एका मतासाठी मुंबईवरून गाडी करून माणसं आणतात, आणि इथं ज्या पोरांसाठी एवढा आटापिटा करायचा त्यांच्या शाळेची माणसं सकाळी डेअरीवर, किटल्या रिकाम्या होईपर्यंत ठरतात. नावं ठरतात. कोण ठरवतं, तर ती आपोआप ठरतात. पिकल्यावर चिंच पडते तशी.

यांना सांगितलं तेव्हा हे टोमॅटोच्या बांधणीत होते. सुतळी दातात धरून म्हणाले, "समितीला कसला प्रचार करणार तू? लोक हसतील." आणि थोड्या वेळानं, "कर. पण संध्याकाळी. सकाळी तोडणीला माणूस कमी पडतंय."

माझी खरी गुरू निघाली ती सासूबाई. त्यांना वाचता येत नाही, पण गावातलं कुठलं घर कुठल्या घराशी बोलतं आणि कधीपासून बोलत नाही, हे सगळं पाठ. मी वहीत तिसरीच्या, म्हणजे पोरीच्या नव्या वर्गाच्या, पालकांची यादी काढून बसले होते. त्यांनी ती ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "ह्या घरी आधी जाऊ नको. त्यांच्या थोरलीकडं जा, मग ही आपणहून विचारील, माझ्याकडं का नाही आलीस. ह्या घरी दिवस मावळल्यावर जा, म्हातारा झोपलेला असतो. आणि खारकाच्या मळ्यात हळदीकुंकवाची पुडी घेऊन जा, मत मागायला गेलीस असं दिसू देऊ नको." मी त्यांना तोवर नुसतं देवाधर्माचं माणूस समजत होते.

जागांचं गणित असं होतं. बाराजणांची समिती, त्यात ९ पालक. प्रत्येक वर्गातून दोन, आणि एक जास्तीची जागा चौथीला, कारण चौथीत मुलं जास्त. मला ते पटलं नव्हतं. चौथीतलं मूल दहा महिन्यांत शाळा सोडतं, मग त्याच्या पालकाला दोन वर्षांची जागा कशाला? जास्तीची जागा पहिलीला द्या म्हणून मी गुरुजींना म्हटलं. ते म्हणाले, "दर वेळी असंच करतो." यावर काय बोलणार. तो वाद मी सोडून दिला. तिसरीतून दोन जागा, एक बाईची आणि एक पुरुषाची. बाईच्या जागेवर माझं लक्ष.

नऊ दिवस हिंडले. तिसरीची सोळा घरं, पण मी चाळीसभर घरी गेले असेन, कारण अध्यक्षपदाचा विचार तेव्हाच मनात आला होता. कुणाला सांगितला नव्हता. घरोघरी एकच उत्तर मिळायचं: "तुम्ही व्हा की, आमची काय हरकत?" हे ऐकून पहिले दोन दिवस मला वाटलं, झालंच काम. मग कळलं, हेच उत्तर सगळ्यांना मिळतं. तिसऱ्या दिवसापासून मी प्रश्न बदलला. "मला मत देणार का" असं नाही, "साडेचारला सभेला येणार का" असं विचारायला लागले. तिथं खरी उत्तरं आली. तोडणी आहे. निवडायला बसायचंय. धोंड्याला जावई यायचेत. त्या वर्षी अधिक श्रावण होता, १८ जुलैपासून, आणि अधिकात घरोघर जावयांची जेवणं. त्यात टोमॅटो. २०२३ चा जुलै ज्यांनी आमच्याकडं पाहिलाय त्यांना सांगायला नको. नारायणगावच्या बाजारात २० किलोच्या क्रेटला २,००० च्या वर भाव. लोक रात्री बॅटरी घेऊन टोमॅटोची राखण करत होते. आधी बिबट्याला भ्यायचे, तेव्हा चोराला भ्यायला लागले. अशात शाळेच्या सभेला कोण येतंय?

सभेची वेळ आधी सकाळी अकराची होती. अकरा वाजता आमच्याकडं बाईमाणूस सरीत असतं. मी गुरुजींना म्हटलं, साडेचार ठेवा, माल टेम्पोत चढल्यावर. "मग मला एसटी चुकेल," म्हणाले. खरंच चुकली असती, ते लांबून येत. शेवटी यांनी त्यांना गाडीवर फाट्यापर्यंत सोडायचं कबूल केलं आणि वेळ बदलली. मला विचाराल तर मी निवडणूक तिथंच निम्मी जिंकले, आणि ती यांच्या मोटारसायकलवर.

ठाकरवाडीला मी सगळ्यांत शेवटी गेले. आधी जायला हवं होतं. ओढ्यापलीकडं ठाकर आदिवासींचे पंचवीस-तीस उंबरे, शाळेतली १४ मुलं तिथली. ती रोज उसातल्या वाटेनं येतात. जुन्नरच्या उसात बिबट्या राहतो, तिथंच विणतो, तिथंच पिल्लं वाढवतो. आमच्या तालुक्यात माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्रच आहे, यावरून समजा. वन खात्याची माणसं सांगून जातात, मुलांना एकटं सोडू नका, घोळक्यानं जाऊ द्या. पण घोळका करायला मोठं माणूस लागतं आणि सकाळी मोठी माणसं कामावर. शाळेच्या मागची भिंत उसाच्या बाजूनं पडलेली. पोरं लघवीला तिकडंच जातात.

तिथं एक बाई अंगणात बसून शेळीला पाला घालत होती. मी समितीचं बोलले. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आमचं कोन हाय त्यात?"

मी फळा आठवला. बारा नावांत वाडीचं एक होतं, पुरुषाचं. मी ते नाव सांगितलं. ती म्हणाली, "तो भोसरीला कामाला हाय. चार वर्सं झाली."

त्यांच्या प्रमाणात जागा, असं कायदा म्हणतो. ६३ मध्ये १४, म्हणजे नवातल्या दोन. मी तिला म्हटलं, तू दुसरीतून उभी राहा. ती नको म्हणाली. तिच्या शेजारची म्हातारी मात्र मध्येच बोलली, "मला चालतंय का? माझा नातू हाय पैल्या वर्गात." तिचा मुलगा-सून एमआयडीसीत, नातू तिच्याकडं. पालक म्हणजे आईबापच असं नाही, सांभाळणारं माणूसही चालतं. मी तसं सांगितलं. तिनं विचारलं, "भत्ता किती?" मी म्हटलं, काही नाही. "मंग च्या तरी?" चहा मिळेल म्हटलं. तिला चाललं.

सभेच्या दिवशी पाऊस नव्हता, हे नशीब. पंचेचाळीसभर माणसं आली. गुरुजींनीच नंतर सांगितलं की आदल्या सभेला अकरा होती. बायका वर्गात सतरंजीवर, पुरुष बाहेर व्हरांड्यात, खिडकीतून ऐकत. भाऊ खुर्चीवर. गुरुजींनी प्रास्ताविक केलं, कायद्याचं सगळं नीट सांगितलं, त्यात त्यांची काही चूक नव्हती. मग खिशातून कागद काढला.

"आता नावं वाचतो. हरकत नसली तर टाळ्या वाजवा."

पहिलीची दोन नावं वाचली. टाळ्या. त्यात म्हातारी नव्हती. मी उठले. पाय कापत होते, खोटं कशाला सांगू. म्हटलं, "सर, पहिलीच्या पालकांना विचारायचं का? आणखी कुणाला यायचं असेल तर?"

व्हरांड्यातून आवाज आला, "कशाला वाढवायचं? बिनविरोध होऊ द्या. गावाचं नाव राहतं."

बिनविरोध हा शब्द आमच्याकडं फार पवित्र आहे. बिनविरोध म्हणजे भांडण नाही, असं लोक समजतात. भांडण असतंच, फक्त ते डेअरीवर आधीच कुणीतरी जिंकलेलं असतं. पण हे मला तेव्हा सुचलं नाही. तेव्हा मी नुसती उभी राहिले आणि परत तेच वाक्य म्हटलं. घशाला कोरड. म्हातारी मागून ओरडली, "मला यायचंय!" सगळे हसले, आणि त्या हसण्यात तिचं नाव लागलं. यादीतल्या एका बापाला तसंही यायचं नव्हतं, तो सुटला.

दुसरीतून भाऊंच्या धाकट्या भावाचं नाव आलं. टाळ्या. मग तिसरी. गुरुजींनी वाचलं, आणि ते जाऊबाईंचं नाव होतं.

त्यांचा मुलगा माझ्या मुलीच्याच वर्गात. यादी करणाऱ्यानं जुन्या फळ्यावरून नाव उतरवलं असणार. मी जाऊबाईंकडं बघितलं. घरातल्या थोरल्या जाऊविरुद्ध मी उभी राहणार नव्हते, हे तिथं बसलेल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. माझं नऊ दिवसांचं हिंडणं तिथंच संपलं, असं वाटलं.

जाऊबाई उठल्या. पदर सावरला. चार माणसांत त्या कधी बोलत नाहीत. म्हणाल्या, "माझं नाव काढा गुरुजी. मागं दोन वर्षं मी होते म्हणं. मला ठाव नव्हतं. आता जिला ठाव आहे तिला घ्या." आणि बसल्या. गुरुजींचा चेहरा उतरला. मला त्यांचीच दया आली.

लगेच दुसरं नाव पुढं आलं, उपसरपंचांच्या भावजयीचं. म्हणजे आता दोघी. हात वर करून मत घ्यायचं ठरलं आणि पहिला वाद झाला तो हातांचाच. नवरा-बायको दोघं आलेत, मग हात दोन का एक? एका घराचा एकच हात, असं शेवटी ठरलं. तर दोन घरांत नवरा-बायकोत एकमत होईना. त्यातल्या एका घरात बाई वर्गातून डोळे वटारून खिडकीकडं बघत होती आणि खिडकीतला हात हळूहळू खाली गेला. सोळा घरांतली चौदा आलेली. मला ८, तिला ६.

उपसरपंचांची भावजय भली बाई आहे. सभा संपल्यावर तिनं मला कुंकू लावलं आणि कानात म्हणाली, "बरं झालं. मला चौथीच्या पुढचं वाचता येत नाही, इतिवृत्त काय लिहिणार होते."

अध्यक्षाची निवड लगेच त्याच ठिकाणी. नऊ पालक, ग्रामपंचायतीची एक सदस्य, एक शिक्षक, आणि शिक्षणप्रेमी म्हणून गावातले एक निवृत्त गुरुजी. मुख्याध्यापक सचिव असल्यानं त्यांनी स्वतःच मत देणार नाही असं सांगितलं. भाऊंच्या भावाचं नाव सुचवलं गेलं. माझं नाव म्हातारीनं सुचवलं. चहा यायचा होता अजून.

ग्रामपंचायत सदस्य म्हणून हात वर झाला तो एका पुरुषाचा. सदस्य त्यांची बायको आहे, पण ग्रामपंचायतीत तेच जातात, सवय लागलेली. निवृत्त गुरुजींनी काठी आपटली. "तुमच्या घरी सदस्य कोण?" ते म्हणाले, "आमच्या मंडळी." "मग मंडळींना बोलवा." आम्ही सगळे दहा मिनिटं थांबलो. ती आली, हाताला पीठ तसंच. नवऱ्यानं खुणावलं त्याप्रमाणे तिनं भाऊंच्या भावालाच मत दिलं. पण हात तिचा होता, पिठाचा.

त्याला ६, मला ५. शिक्षकांनी कुठंच हात वर केला नाही, त्यांना त्याच गावात नोकरी करायची होती. हरले. एका हातानं. घरी येऊन मी थोडी रडले, आणि सासूबाई म्हणाल्या, "तू ठाकरवाडीला उशिरा गेलीस. वाडीच्या दुसऱ्या जागेवर तिथलीच बाई असती तर?" मी दुसरी जागा विसरलेच होते. वाडीतून दुसरीला कुणी उभंच केलं नव्हतं. ती चूक अजून खुपते, हरण्यापेक्षा जास्त.

उपाध्यक्षपद मला देऊ केलं, बहुतेक समजूत म्हणून. यांनी म्हटलं, घेऊ नको, नावाचं पद आहे. मी घेतलं. कारण अध्यक्ष नसेल तेव्हा बैठक उपाध्यक्ष चालवतो, आणि भाऊंच्या भावाचा टेम्पो वाशी मार्केटला जातो. पहिल्या सहा बैठकांपैकी चार मी चालवल्या. तोही वाईट माणूस नाही. नंतर तर फोन करून विचारायचा, "वहिनी, कशावर सही करायची?"

पहिल्या बैठकीत मी एवढंच म्हटलं की मागचं इतिवृत्त वाचून दाखवा. वाचायला काही फार नव्हतं. आमच्या पटाच्या शाळेला वर्षाला २५,००० रुपये अनुदान येतं, ३१ ते १०० मुलांच्या शाळांना तेवढंच. त्यातले निदान १० टक्के स्वच्छतेवर घालायचे. मोठा घास विजेच्या बिलानं खाल्लेला. झाडू, फिनेल, खडू, एक नळ. कुणी पैसे खाल्ले असं काही निघालं नाही. मी तेच शोधायला बसले होते हे कबूल करते, आणि निघालं नाही म्हणून जरा हिरमुसलेसुद्धा. एवढ्या पैशांत खायला तरी काय असतं? मग भाऊंना अध्यक्षपद कशाला हवं होतं? गणवेशाची खरेदी समितीकडं असते, एका गणवेशाला ३०० रुपये धरतात, त्यातही फार सुटत नाही. मला वाटतं, त्यांना झेंड्याच्या वेळी पुढं उभं राहायला आवडायचं. बस्स.

भिंतीचं काम समितीच्या हातात नव्हतं. ठराव केला, ग्रामपंचायतीला दिला, ग्रामसभेत परत मांडला. तिथं ठाकरवाडीची म्हातारी बोलली आणि तिच्यामागं वाडीतल्या पाच-सहा बायका उभ्या राहिल्या. पुढच्या वर्षी आराखड्यात आलं, त्याच्या पुढच्या वर्षी भिंत. तोवर वाडीच्या पोरांना आणायला दोन बापांनी पाळ्या लावून घेतल्या, काठी आणि डबा वाजवत. ३० सप्टेंबरला पट ६२ होता. एक पोर गेलं, अगदी माझ्या वर्गमैत्रिणीचं.

आणि चव नोंदवही. त्यावर मी गुरुजींना एकटं गाठून बोलले, बैठकीत नाही. ते म्हणाले, "ताई, माणूसच येत नाही हो." मी म्हटलं, आम्ही वार वाटून घेतो. सोमवार म्हातारी, मंगळवार मी, असं. पहिलीपासून पाचवीपर्यंतच्या पोराला १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ, हा हिशोब मी शिजवणाऱ्या मावशींबरोबर तराजू घेऊन केला. ५५ पोरं हजर तर साडेपाच किलो तांदूळ आणि अकराशे ग्रॅम डाळ. मावशींना माझं हे येणं मुळीच आवडलं नाही. वीस वर्षं त्या डोळ्यांनी मोजत होत्या आणि डोळ्यांचं माप फारसं चुकतही नव्हतं.

गुरुवार मी जाऊबाईंना दिला. त्या समितीवर नव्हत्या, पण पालक तर होत्याच. नको नको म्हणत गेल्या. द्रोणात खिचडी घेतली, फुंकून खाल्ली, जरा थांबून परत एक घास घेतला. मग वही ओढली आणि एकेक अक्षर मांडत लिहायला लागल्या. मावशी कमरेवर हात ठेवून बघत होत्या. पोरं ताटल्या घेऊन रांगेत. लिहून झालं तेव्हा मी वाकून वाचलं: मीठ जास्त. खाली सही, उलट्या 'ळ'ची.

दुसऱ्या दिवशी मावशींनी खिचडीत मीठच घातलं नाही.